उजवीकडे वळलं की दिवा पिवळा : हेडलाइट वायरिंग, भाग ४

मागच्या भागात मोटरसायकलच्या हेडलाइटचे दोन्ही रिले (बल्बला बॅटरीतून थेट करंट देणारे विजेवर चालणारे स्विच) बसले, बल्बच्या पायांवर १३.४५ व्होल्ट मिळाले आणि हे काम आटोपलं असं जाहीरही करून झालं. ते मागे घ्यावं लागतंय. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की दिवा पिवळा पडतो, सरळ केलं की परत पांढरा. शहरात लक्षातही येणार नाही. पण घाटातल्या हेअरपिनवर गाडी दहाच्या वेगात आणि हँडल जवळजवळ पूर्ण वळलेलं असतं, आणि उजेड नेमका तिथेच हवा असतो.

आकडे पुन्हा एकदा, कारण सगळा घोळ त्यातच आहे. गाडी तीच : ३५० सीसी, सात इंची गोल हेडलाइट, ६०/५५ वॅटचा एच४ (हाय म्हणजे लांबच्या आणि लो म्हणजे जवळच्या बीमसाठी दोन फिलामेंट असलेला हॅलोजन बल्ब). इंजिन ३००० आरपीएमला असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट. मूळ वायरिंगवर बल्बला पोचत होते ११.९, म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गडप. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे ११.९ वर १३.४५ च्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश उजेड उरतो. रिलेने ती गळती थांबवली. आता उजव्या लॉकला (हँडल उजवीकडे टोकापर्यंत वळलेलं) मीटर दाखवतो १२.३५, म्हणजे पाव उजेड पुन्हा गेला.

पहिला संशय रिलेवर, आणि तो फुकट गेला. दोन रिले बदलून झाल्यावर सुचलं की रिले असा वागूच शकत नाही. रिलेची १२ व्होल्टची कॉइल साधारण आठ व्होल्टला स्विच ओढते आणि सोडायला त्याच्याही बरीच खाली यावं लागतं. तो चालू असतो किंवा बंद. ‘थोडा मंद’ हा प्रकार त्याला माहीत नाही. दिवा फडफडत असेल तर रिले तपासा, हँडल वळवल्यावर मंद होत असेल तर आधी दुसरीकडे बघा. नंतर होल्डर बदलला, सिरॅमिकचा घातला. तो तसाही बदलायचाच होता, कारण प्लास्टिकच्या होल्डरची कड तपकिरी झाली होती. फरक शून्य.

मग शहाण्यासारखी मोजणी केली. मीटर डीसी व्होल्टवर, दिवा चालू, इंजिन चालू. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या लो बीमच्या पायावर : ०.२५ व्होल्ट, हँडल कुठेही वळवा. आता एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या (करंट परत मायनसला नेणाऱ्या) पायावर : हँडल सरळ असताना ०.२, उजव्या लॉकला १.३. चोर अर्थच्या बाजूला. चार भाग आपण प्लसचं कौतुक करत बसलो आणि अर्थकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

इथे बहुतेक जण फसतात ते बीपमुळे. कंटिन्युइटीला (तार सलग आहे का ते बीप देऊन सांगणारी खूण) लावलं की मीटर आनंदाने वाजतो, आणि अर्थ ठीक आहे असं वाटतं. पण मीटर मिलिअँपिअर सोडतो. तेवढ्याला तारेचे दोन धागे शिल्लक असले तरी पुरे. दिव्याला पाच अँपिअर लागतात. म्हणून मोजायचं ते लोडवरच.

खात्रीसाठी बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंत जाड जंपर लावला. १.३ चा आकडा ०.०५ वर आला, दिवा सगळीकडे पांढरा. मग टाकी काढून हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) टेप उकलली. कोनसेटजवळ (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तिथे) जिथे हार्नेस वळतो, तिथे अर्थची काळी तार बाहेरून ठणठणीत, पण दाबली की मऊ लागते. आत धागे तुटून हिरवे पडलेले. उजवीकडे वळल्यावर उरलेसुरले ताणले जायचे आणि करंट दुसरी वाट धरायचा : डूम (हेडलाइटची वाटी), टी-प्लेट (फोर्क धरणारी पट्टी), कोनसेटच्या गोळ्या, चासी. ग्रीस भरलेल्या कोनसेटमधून हेडलाइटचा करंट नेणं गोळ्यांनाही मानवत नाही. ज्यांचा कोनसेट अकाली खड्डे पडून खटखटतो, त्यांनी एकदा अर्थ मोजून बघावा.

उपाय साधा. डूमपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत १.५ चौरस मिमीची नवी काळी तार, दीड मीटर पुरते. ३०/०.२५ ची (०.२५ मिमीचे ३० धागे असलेली) ऑटो वायर घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत कोणी घरच्या वायरिंगची १.५ ची तार स्वस्तात पुढे केली तर नको म्हणा : तिचे धागे जाड आणि कमी, रोजच्या वाकण्याने तीच गोष्ट दोन वर्षांत पुन्हा. टोकाला रिंग टर्मिनल क्रिंप करून हीट-श्रिंक. सोल्डर कशाला टाळायचं, तर सोल्डर जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि व्हायब्रेशनने नेमकी तिथेच तुटते. कोनसेटपाशी दोन्ही लॉकला पुरेल एवढी ढील ठेवा, पण लोंबकळू देऊ नका. रिले आणि १५ चा फ्यूज जागच्या जागी. दहाचा फ्यूज पुरेल का असं मागे कोणी विचारलं होतं. पासिंगचं (हाय बीम क्षणभर लावण्याचं) बटण दाबलं की दोन्ही फिलामेंट एकदम पेटतात आणि करंट दहाच्या वर जातो, म्हणून पंधरा.

आताचे आकडे : बल्बवर १३.५५, डावं लॉक, उजवं लॉक, सरळ, सगळीकडे तेच. एवढ्यासाठी शंभर-सव्वाशेची तार! भिंतीवर कट-ऑफची रेघ (लो बीमच्या उजेडाची वरची कड) सुरीने कापल्यासारखी आणि डावीकडची चढती धार स्पष्ट. हा आनंद एलईडी रेट्रोफिटवाल्यांना (एच४ च्या जागी एलईडी बसवणाऱ्यांना) नाही मिळायचा. एच४ च्या लो बीमखालची ती छोटी वाटी आणि फिलामेंटची जागा मिलिमीटरभर हलली तरी रेघ विस्कटते; चिप फिलामेंटच्या जागी नेमकी बसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. १००/९० चा बल्ब तर नकोच, बेकायदा आहे आणि रिफ्लेक्टर जाळतो. उजव्या बाजूने वाहनं चालणाऱ्या देशांसाठी बनलेली काचही स्वस्तात मिळते. तिची धार उजवीकडे चढते, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर.

सेटिंग : सपाट जागा, टायरमध्ये पूर्ण हवा, स्वार बसलेला, भिंत ५ मीटरवर. दिव्याचा मध्य जमिनीपासून ९२ सेंमी, रेघ भिंतीवर ८६ ला. म्हणजे १.२ टक्के उतार, रेघ रस्त्याला सुमारे ७७ मीटरवर टेकते. दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर ८० च्या वेगात थांबायला कोरड्या रस्त्यावर साधारण ७५ मीटर लागतात, ६० ला ४८. म्हणजे लो बीमवर ८० हा काठावरचा हिशेब झाला. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर आलेले उसाचे शेंडे, आणि रेघेच्या वर सगळा अंधार. लो बीमवर ६० बस्स.

हे लिहितानाच एक गोष्ट खटकली. मागे सहप्रवासी बसला की मागचा सस्पेन्शन समजा २५ मिमी दबतो. व्हीलबेस १३७० मिमी धरला तर गाडी १.८ टक्के नाकाने वर. आपला १.२ चा उतार गेला आणि वर ०.६ चा चढ झाला! समोरचे डिपर मारतात ते उगाच नाही. फॉग लॅम्पचा बेत होता, तो तूर्त बाजूला. आधी अॅडजस्टर स्क्रूवर पांढऱ्या रंगाच्या दोन खुणा : एक एकट्याची, एक डबलसीटची. मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीपासूनचा दाब) दोन खाचा वाढवून किती भरपाई होते तेही मोजायचं.

वळणांची चाचणी आंबेनळी घाटात. एक मर्यादा कुठल्याही वायरिंगने जाणार नाही : गाडी डावीकडे कलली की रेघही कलते, आतली बाजू अंधारात जाते आणि उजेड वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकला जातो. त्यामुळे डाव्या हेअरपिनच्या आत काय आहे ते वळायच्या आधीच बघून ठेवावं लागतं. पण रात्रीची एक मजा दिवसा नाही. आंधळ्या वळणापलीकडून येणाऱ्या ट्रकचा उजेड आधी कड्यावर आणि झाडांच्या शेंड्यांवर सरकतो. हॉर्नची गरज नाही, बेत आधीच ठरतो. त्यात थंड हवेला इंजिनही मजेत, टॅपेटचा आवाजसुद्धा गोड लागतो.

जुन्या काळ्या तारेचा तुकडा जपून ठेवलाय. डबलसीटच्या खुणेसाठी मागे ६०-७० किलो वजन लागेल. वाळूच्या दोन गोण्या सीटवर नीट बांधता येतील का, ते आधी बघतो.