जनमत चाचण्या करणाऱ्या संस्थेत समर इंटर्नशिप: माझा अनुभव

ओपिनियन पोल घेणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप कशी मिळते आणि तिथे नक्की काय करायला लावतात, हे ज्युनियर्स सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी तेव्हा समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते, स्टॅटिस्टिक्सचा एक पेपर झालेला आणि एक्सेल बऱ्यापैकी यायचं, बस.

पहिली गोष्ट म्हणजे परीक्षा संपली की बघू असं करू नका. उन्हाळ्यात कोणते सर्व्हे चालणार, किती मुलं घ्यायची हे बरंच आधी ठरलेलं असतं, आणि शिफारसपत्रासाठी सरांच्या मागे लागण्यातच वेळ जातो. सीव्ही, मार्कशीट, शिफारसपत्र, स्वतः लिहिलेलं काहीतरी आणि का यायचंय याचं एक पत्र, एवढं मागितलं होतं. त्या पत्रात सगळे लिहितात तसं मीही आधी "मला डेटाची आवड आहे" वगैरे लिहायला घेतलं होतं, पण मग वाटलं की यांचंच काम वाचून बघूया ना. चांगल्या संस्था रिपोर्टबरोबर पूर्ण प्रश्नावली आणि सॅम्पल (म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेले लोक) कसं काढलं तेही देतात. मी त्यांचा एक जुना सर्व्हे घेतला, प्रश्न ओळीने वाचले आणि कोणता प्रश्न मी वेगळा विचारला असता आणि का, ते पत्रात लिहिलं. निवड त्या एका परिच्छेदामुळे झाली असं तिथे आमचं काम बघणाऱ्या मॅडमनी नंतर स्वतः सांगितलं, त्यामुळे बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे कराच.

मग एक छोटी टेस्ट. एका तक्त्यात एका उमेदवाराला ४६ टक्के, दुसऱ्याला ४४ टक्के, सॅम्पल १००० चं, यावर बातमीसारखा परिच्छेद लिहा. बरेच जण सरळ "पहिला आघाडीवर" लिहून मोकळे होतात. १००० च्या साध्या रँडम सॅम्पलला मार्जिन ऑफ एरर, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, साधारण ३ टक्के वर-खाली असतं, आणि दोघांमधल्या फरकाचं तर जवळपास दुप्पट, म्हणजे २ टक्क्यांच्या फरकावरून कोण पुढे आहे हे सांगताच येत नाही. दुसरा प्रश्न होता की "रस्ते आणि पाणीपुरवठा याबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" यात काय चुकलंय? एकात दोन प्रश्न आहेत, रस्ते चांगले पण पाणी येत नाही अशा माणसाने काय उत्तर द्यायचं?

इंटरव्ह्यूत विचारलं, सॅम्पल जेवढं मोठं तेवढं चांगलं का? मी १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं उदाहरण दिलं. लिटररी डायजेस्ट मासिकाने जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्यामानाने फारच लहान सॅम्पलवर रूझवेल्टचं नाव बरोबर सांगितलं होतं. मला वाटलं झालं, तर लगेच पुढचा प्रश्न, "मग १९४८ ला गॅलप का चुकले?" सुदैवाने वाचलेलं होतं, कोटा सॅम्पलिंग होतं (प्रत्येक गटातून ठरलेली संख्या, पण माणसं मुलाखतकारानेच निवडायची) आणि मतदानाच्या बरंच आधी चाचण्या थांबवल्या, जिंकलेल्या ट्रुमनकडे शेवटी वळलेले लोक पकडलेच गेले नाहीत. त्यांना पाठांतर नको असतं, कुठली पद्धत कुठे फसते हे तुम्ही विचार करून सांगता का ते बघतात.

रुजू झाल्यावर सगळ्यात आधी गोपनीयतेच्या कागदावर सही. कोणी काय उत्तर दिलं हे घरी, मित्रांत, कुठेही बोलायचं नाही. मग मुलाखत घ्यायचं ट्रेनिंग. प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, स्वतःच्या शब्दांत समजावायचा नाही, उत्तरावर "हो ना, बरोबर" असंही म्हणायचं नाही, फार तर "अजून थोडं सांगाल का?" एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा!

आणि जो फोन उचलेल त्यालाच प्रश्न विचारायचे असं नसतं, हे मला तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हतं. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला त्याला बोलवायचं, म्हणजे निवड आपल्या किंवा त्यांच्या सोयीने होत नाही. मी हेडफोन लावून एका अनुभवी ताईंचा कॉल ऐकत होते. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही, माझ्या भावाला विचारा, तो सगळं सांगेल." ताई अगदी शांतपणे म्हणाल्या, "यात बरोबर-चूक काही नसतं, मला तुमचंच मत लिहून घ्यायचंय." थोडा वेळ नुसती शांतता, मग बाई म्हणाल्या बरं, विचारा, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं त्यांनी विचार करून उत्तर दिलं, दोन ठिकाणी तर आधीचं उत्तर बदलायला लावलं. भावाला फोन दिला असता तर काम लवकर झालं असतं, पण त्या बाईंचं मत मोजलंच गेलं नसतं. मला हे काम आवडायला लागलं ते तिथपासून.

बाकी लोक फोन ठेवून देतात, खूप ठेवतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या टेलिफोन सर्व्हेंचे आकडे दिलेत, १९९७ मध्ये रिस्पॉन्स रेट (उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण) ३६ टक्के होता आणि २०१८ मध्ये ६ टक्के. म्हणून मग वय, शिक्षण, लिंग वगैरे जनगणनेशी जुळवून वेटिंग करतात, म्हणजे जे गट कमी आले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देतात. ते सीनियर लोक करायचे, आम्ही बाजूला बसून बघायचो.

आमच्या वाट्याला मुख्यतः कोडिंग. सगळ्यात मोठी समस्या कोणती, असा खुला प्रश्न, आणि लोकांनी आपल्या शब्दांत दिलेली उत्तरं कोडबुकमधल्या आकड्यांत बसवायची. एक उत्तर होतं, "मुलगा शिकला पण घरीच बसून आहे." बेरोजगारी की शिक्षण? दोघांनी स्वतंत्रपणे कोड द्यायचा असतो आणि नंतर किती जुळतंय ते तपासतात. मी बेरोजगारी दिलं, बरोबरच्या मुलाने शिक्षण दिलं, कारण त्याच्या मते तक्रार शिक्षणाचा उपयोग न झाल्याची होती, आणि आम्ही यावर इतके भांडलो की शेवटी मॅडमना बोलवावं लागलं. त्यांनी पहिला कोड बेरोजगारी, दुसरा शिक्षण असा नियम लिहून घेतला आणि आधीची सगळी तशी उत्तरं परत तपासायला लावली. कंटाळवाणं आहे, मान्य, पण पर्याय देऊन विचारलं की चित्रच बदलतं. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीनंतर मत देताना कोणता मुद्दा महत्त्वाचा होता असं प्यूने विचारलं तेव्हा यादीतून ५८ टक्क्यांनी अर्थव्यवस्था निवडली, खुल्या प्रश्नात मात्र ३५ टक्क्यांनीच तिचं नाव घेतलं.

शेवटी प्रत्येकाला एक छोटा मेमो आणि प्रेझेंटेशन द्यायचं होतं. मी "सांगता येत नाही" ही उत्तरं घेतली, कारण तक्त्यात ती शेवटच्या रकान्यात असतात आणि कोणी बघतच नाही. वय आणि शिक्षणाप्रमाणे तक्ते काढले. प्रेझेंटेशनच्या तालमीत मॅडमनी विचारलं, "मुलाखत कोण घेतंय त्यावरून काढून बघितलंस का?" काढलं, तर काही जणांच्या कॉल्समध्ये हे उत्तर इतरांपेक्षा कितीतरी जास्त! म्हणजे समोरच्याला मत नव्हतं असं नाही, कुठेतरी आपणच थांबून ऐकलं नव्हतं. तेच मेमोत मुख्य म्हणून मांडलं, आणि पुढच्या ट्रेनिंगमध्ये "माहीत नाही" ऐकल्यावर लगेच बटण न दाबता एकदा शांतपणे परत विचारायचं, हे आलं.

अर्ज करणाऱ्यांनी इंटरव्ह्यूत तीन गोष्टी नक्की विचारा: स्टायपेंड आहे का, कॉल ऐकायला आणि घ्यायला मिळतात का, आणि शेवटी स्वतःचा मेमो असतो का. नुसती डेटा एन्ट्री असेल तर दुसरीकडे बघा. आणि नाही झाली निवड तरी पार्टटाइम मुलाखतकार म्हणून नाव द्या, अशा संस्थांना सर्व्हेच्या काळात माणसं लागतातच, आमच्या बॅचमधले दोघं तसेच आले होते आणि कॉलवर ते आमच्यापेक्षा कितीतरी चांगले होते.