धोकटीतला गुन्हेगार

औशाच्या काकांनी कातडी धोकटी माझ्यापुढं उघडली आणि आधी वास आला. आंबूस, नाकाला झोंबणारा, आणि त्याच्या मागं कुठंतरी कापूर. धोकटी त्यांच्या वडिलांची. निजामाच्या अमलापासून ते गावात बलुत्यावर हजामत करायचे. आत तीन वस्तरे, चिमटा, नखं काढायची नराणी आणि एक पितळी वाटी.

सोबत धाकटा भाऊही होता आणि दोघांत आधीच धुमसत होतं. "ह्यानं माळवदाच्या खोलीत गळतीखाली ठेवली, गंजणार नाही तर काय!" थोरले म्हणाले. "तेल लावायचं काम तुमच्याकडं होतं की, दादा," धाकट्यानं परतवलं. मी एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस, जुने वस्तरे दुरुस्त करणं हा माझा रविवारचा नाद. भाऊबंदकीचा निवाडा माझ्याकडून कुणी मागितला नव्हता, पण भिंग डोळ्याला लावलं आणि तो आपोआपच व्हायला लागला.

पहिला वस्तरा पिवळसर मुठीचा, हस्तिदंती वाटावा असा. मानेवर, म्हणजे पातं आणि शेपटी यांच्या मधल्या भागावर, 'झोलिंगेन' हे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाचं नाव आणि 'मेड इन जर्मनी'. जर्मन मालावर हा शिक्का 1887 च्या एका ब्रिटिश कायद्यामुळं यायला लागला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चाकू-वस्तरे करणाऱ्या कारागिरांची तक्रार होती की जर्मन लोक आमची नक्कल करून स्वस्त माल खपवतात, तेव्हा गिऱ्हाइकाला कळू द्या. झालं उलटंच, लोक तोच शिक्का बघून माल घ्यायला लागले. असो.

या वस्तऱ्याचं पातं मुठीत जेवढं झाकलं जातं तेवढंच खाल्लं गेलं होतं. बाहेर राहणारी मान आणि शेपटी जवळजवळ स्वच्छ. गळतीचं पाणी असं जागा निवडून गंज चढवत नाही. दुसरा वस्तरा शेफिल्डचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. त्याची पहिल्याला टेकलेली बाजू गंजलेली, दुसरी बरी. तिसरा वेगळ्या कप्प्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला. त्याला फक्त डाग होते.

पिवळी मूठ अंगठ्यानं जोरात घासली. गरम झाली तसा कापराचा वास वर आला. म्हणजे हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात कापूर घालून हे करत. महागड्या हस्तिदंताला पर्याय म्हणून एकोणिसाव्या शतकात ते आलं आणि कंगव्यांपासून वस्तऱ्यांच्या मुठींपर्यंत सगळीकडं गेलं. पण ते आतून हळूहळू कुजतं. कापूर उडत जातो, आम्लाची वाफ सुटते, आणि पहिला घास मुठीत मिटलेल्या पात्याचा. उष्णतेनं ही कूज वाढते. आता आपल्याकडचा मे महिना, पत्र्याची पेटी आणि तिच्यात घट्ट बांधलेली धोकटी. वाफेला बाहेर जायला वाटच नाही.

"म्हणजे ह्याची चूक नाही म्हणता?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमचीही नाही. रोज तेल लावलं असतं तरी ही मूठ थांबली नसती."

दोघंही काही क्षण गप्प, आणि मग धाकटा उठून चहाचं विचारायला आत माझ्या बायकोकडं गेला. जणू त्याचंच घर.

खरी अडचण पुढं आली. मूठ काढावी लागेल म्हटल्यावर थोरले अडले. "पातं नवं टाका पाहिजे तर. मूठ राहू द्या, बापाचा हात आहे त्यावर." काय बोलणार? अंगठा टेकून टेकून तिथं खरोखरच खळगा पडला होता. पण ही मूठ धोकटीत ठेवली तर उरलेले दोन्ही जातात. शेवटी असं ठरलं की ती वेगळ्या, झाकण सैल असलेल्या बरणीत ठेवायची. कुठल्याही लोखंडापासून दूर, आणि चूल नि देवाच्या दिव्यापासून त्याहून दूर, कारण सेल्युलॉइड भुरकन पेटतं.

पितळी रिबिटाचं डोकं बारीक कानसीनं उडवलं, तर एका बाजूचा काठ हातातच चुरला. पाती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतली, आम्ल मारायला. मग ओला पॉलिश पेपर, हातानंच. धाकट्याचा हट्ट, "मशीनवर मारा की, आरसा करा." नाही केला. बफच्या चाकावर पातळ धार बघता बघता तापते, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, आणि वर मानेवरचा शिक्काही पुसला जातो. चकचकीत वस्तरा बघून लोक खूश होतात, मला तो सोललेला वाटतो.

धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत. कोन पाठच सांभाळते, आपण नुसतं दाबायचं नाही. आधी हजार नंबरचा दगड, मग आणखी बारीक चार हजार, आठ हजार, शेवटी चामड्याचा पट्टा, तिथं मात्र पाठ पुढं ठेवून. दुसरा आणि तिसरा वस्तरा तयार झाले, मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शानं उडाले. झोलिंगेनची धार मात्र दर वेळी भिंगाखाली तुटकी दिसायची. खड्डे थेट काठापर्यंत गेले होते, जेवढं घासावं तेवढे नवे उघडत. तो दाढीचा उरला नाही. खाटेच्या मोडक्या खुराचं शिसव कापून त्याला नवी मूठ आणि पाचर बसवून दिली, शोभेपुरती.

दाढीला तरी ते कुठं वापरणार! काकांच्या सलूनमध्ये आता अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं. तेच बरोबर आहे. पैसे घेणार नाही म्हटल्यावर काका म्हणाले, "मग आमचं बलुतं उलटं चालू द्या. कटिंग आमच्याकडं." तेव्हापासून केस वाढले की मी औशाला जातो. फुकटच्या कटिंगपायी पेट्रोल किती जाळता, हा बायकोचा हिशोब वेगळा.