शिक्षेवरचा युक्तिवाद

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात मी सरकारी वकील म्हणून खुनाचे खटले चालवतो. दोष सिद्ध झाला की शिक्षेवर वेगळं ऐकलं जातं, आणि ‘समाजात जरब बसेल अशी शिक्षा द्यावी’ हे वाक्य तेव्हा आमच्याकडून ठरलेलंच असतं. एका खटल्यात मी ते उच्चारलं नाही.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतला पोरगा. आईबरोबर भाजीचा ठेला लावायचा. हप्ता देत नाही म्हणून दोघा भावांनी त्याला रात्री ठेल्यापाशीच चाकूने भोसकलं. साक्षीदार फुटले नाहीत, दोघेही दोषी ठरले. शिक्षेवर ऐकण्याच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. पत्रकार आले होते, वस्तीतले लोक जिन्यापर्यंत उभे होते. फाशीच मागा, असं येणारा-जाणारा मला सांगत होता.

माझ्या हातात पेट्रोल पंपावरचं फुटेज होतं. खून होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. धाकटा पेट्रोल भरून घेतोय, थोरला मोटरसायकलच्या आरशात बघून कंगवा फिरवतोय. सुट्ट्या पैशांवरून पंपावरच्या पोराशी दोघांची हुज्जतही होते. बाहीवरचा डाग झाकावा असंही कोणाच्या मनात येत नाही. आरोपी किती निर्ढावलेले आहेत हे दाखवायला याहून चांगला पुरावा नव्हता. पण आदल्या रात्री ते पुन्हा पाहताना मला वेगळंच दिसलं. फाशीचं सोडाच, उद्या पोलीस दारात येतील एवढीसुद्धा धास्ती त्या चेहऱ्यांवर नव्हती.

आणि हे नागपूर आहे. ३० जुलै २०१५ च्या सकाळी वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली, तेव्हा हे दोघे याच शहरात राहत होते. जेलभोवती बंदोबस्त, चॅनेलवाल्यांच्या गाड्या. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. हा खून त्यानंतर दोन वर्षांच्या आतला.

एका खुनावरून नियम काढू नये, हे मलाही कळतं. म्हणून वाचलं. विधी आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात फाशी ठेवावी असं म्हटलं होतं. त्याच आयोगाचा २६२ वा अहवाल ऑगस्ट २०१५ चा, म्हणजे याकूबच्या फाशीनंतर साधारण महिन्याभराने आलेला. त्यात म्हटलंय की जन्मठेपेपेक्षा फाशीने जास्त जरब बसते याला आधार नाही. दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ती रद्द करावी. अमेरिकेत आयझॅक अर्लिक या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये हिशेब मांडला होता की एका फाशीमागे सात-आठ खून टळतात. तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ मध्ये तीन दशकांतले अभ्यास तपासून सांगितलं की फाशीने खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही, यातलं काहीही या अभ्यासांवरून ठरवता येत नाही. मग मी कोर्टापुढे छातीठोकपणे ‘जरब बसेल’ म्हणायचं ते कशाच्या बळावर? एका माणसाचा जीव घ्या म्हणून मी सांगणार, आणि हाताशी असणार फक्त सवयीचं वाक्य.

सुनावणीच्या आधी व्हरांड्यात त्या पोराची आई भेटली. मी विचारलं, “मावशी, आज शिक्षेवर बोलायचं आहे. तुमचं काय म्हणणं?”

तिने पिशवीतून एनसीच्या, म्हणजे ठाण्यातल्या अदखलपात्र नोंदींच्या, नकला काढल्या. घडीवर फाटलेल्या, एकीवर हळदीचा डाग. शिवीगाळ, धमकी, ठेला उलटवला. प्रत्येकीच्या खाली तेच: अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली.

“फाशी द्या नाही त नका देऊ, वकीलसाहेब. मी ठाण्यात जाऊ जाऊ थकली. तवाच याइले एक रात आत टाकलं असतं, त माहा पोट्टा जिता राह्यला असता का नाही, थे सांगा मले.”

हप्ता मागणं म्हणजे खंडणी. दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांनी स्वतःच नोंदवून तपास करायचा. तरी दर वेळी नोंद अदखलपात्रच झाली. ते भाऊ शिकले ते यातून, आणि जेलमधल्या दोरापेक्षा तो धडा त्यांच्या रोजच्या जगण्याला जवळचा होता. याच जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगर वस्तीतल्या जमावाने तिथला गुंड अक्कू यादव याला भर कोर्टात ठार केलं. पोलिसांकडे वर्षानुवर्षं जाऊन काही होत नाही, हीच त्या वस्तीतल्या बायांची तक्रार होती. नागपूर ते विसरलेलं नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, “सरकार पक्षाची फाशीची मागणी आहे?”

“नाही, जन्मठेपेची.”

मागे कुजबुज झाली. बचाव पक्षाचे वकील माझ्याकडे बघतच राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या बचनसिंग निकालापासून, १९८० पासून, जन्मठेप हा नियम आणि फाशी अपवाद आहे. हा खटला त्या अपवादात बसत नाही, एवढंच मी म्हणालो. मग त्या एनसीच्या तारखा एकेक करून वाचून दाखवल्या. कायद्याच्या चौकटीत शिक्षा ठरवायला त्यांचा फारसा उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. पण त्या कोर्टाच्या कानावर जायलाच हव्या होत्या.

दोघांनाही जन्मठेप झाली. वस्तीतले काही जण माझ्याशी न बोलताच निघून गेले, आणि त्यांचा राग मला समजतो. मावशी थांबली होती. आरोपींचा चुलतभाऊ खटल्यात नव्हता. तो आता त्याच बाजारात हप्ता मागत फिरतो, असं तिने सांगितलं. आम्ही कँटीनमध्ये बसून खंडणीचा गुन्हा नोंदवण्यासाठी पोलीस उपायुक्तांच्या नावे अर्ज लिहिला, सोबत जुन्या एनसीच्या झेरॉक्स लावल्या. संध्याकाळ व्हायच्या आत ती तो घेऊन गेली. खिडकीवरच्या बाबूने “ठेवून जा” म्हटलं, पण आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडेपर्यंत ती तिथून हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात येऊन तो क्रमांक तिने माझ्या डायरीत लिहायला लावला, आणि पुढच्या सोमवारी काय झालं ते विचारायला येते म्हणाली.