व्हर्च्युअल केनेलमध्ये जोडी जुळवताना

कुत्र्यांच्या पैदाशीच्या गेममध्ये लॅब्रॅडॉरची नवी पिढी काढायची ठरवली तेव्हा मादी पक्की होती, प्रश्न नराचा होता. मादी काळी, चाल सुरेख, पाठ सरळ. शोमध्ये तिचे गुण जायचे ते खांद्यात, कारण खांदा जरा उभा आहे. मला हवी होती चॉकलेटी रंगाची आणि शोमध्ये टिकणारी लाइन, म्हणजे वंश.

या गेममध्ये रंग खऱ्या आनुवंशिकतेप्रमाणे उतरतात आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. लॅब्रॅडॉरमध्ये काळा प्रभावी, चॉकलेटी सुप्त. पिल्लू चॉकलेटी व्हायचं तर आईबाप दोघांकडून ते जनुक यावं लागतं. माझ्या मादीची आई चॉकलेटी होती, म्हणजे ही दिसायला काळी असली तरी चॉकलेटीचं एक जनुक तिच्यात असणारच. त्यासाठी चाचणीवर नाणी घालवायची गरज नाही, पेडिग्री, म्हणजे वंशावळ, नीट वाचली की झालं. पिवळ्याची गोष्ट वेगळी. ते दुसरंच जनुक, तेही सुप्त, आणि दोन्हीकडून आलं की खालचा काळा किंवा चॉकलेटी रंग झाकून टाकतं. अशा कुत्र्याचं नाक बघायचं. नाक तपकिरी असेल तर आत चॉकलेटी दडलेला आहे.

शेवटी तीन नर उरले.

पहिला चॅम्पियन, तिघांत सर्वाधिक गुणांचा. पण त्याचा आणि माझ्या मादीचा बाप एकच. सावत्र भावंडांच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबाप किती जवळच्या नात्यातले ते दाखवणारा आकडा, निदान १२.५ टक्के येतो, सख्ख्या भावंडांच्या २५. (हा गुणांक आनुवंशशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी १९२२ मध्ये मांडला. गेममधला आकडा त्याच हिशोबाने निघतो.) चुलत भावंडांचे ६.२५ टक्के ही मी माझी मर्यादा ठरवली आहे. त्यापुढे गेलं की आजवर दबून राहिलेले दोष एकेक करून वर यायला लागतात, आणि ते काढून टाकण्यात पुढच्या कितीतरी पिढ्या जातात. त्याला सोडला.

दुसरा पिवळा, तपकिरी नाकाचा, नात्यात अजिबात न बसणारा. रंगासाठी उत्तम, पण खांदा माझ्या मादीसारखाच उभा. दोघांतही तोच दोष असेल तर तो पिल्लांत पक्का होतो.

तिसरा चॉकलेटी. शोमधली कामगिरी मध्यम, मात्र खांदा अगदी हवा तसा तिरपा. अडचण एकच: दृष्टिपटलाच्या सुप्त आजाराचा तो वाहक, म्हणजे जनुक एकाच बाजूने आलेलं, स्वतः आजारी नाही. वाहक दिसला की पुष्कळ खेळाडू पान उलटतात. मला ते पटत नाही. मादी चाचणीत निर्दोष असेल तर एकाही पिल्लाला आजार होत नाही. साधारण निम्मी वाहक होतात, इतकंच. सगळे वाहक बाद करत गेलो तर त्यांच्याबरोबर चांगले खांदे, चांगल्या पाठी आणि नात्याबाहेरचं रक्तही जातं. मादीची चाचणी मी आधीच केली होती. ती निर्दोष होती, म्हणून हाच नर घेतला.

मर्लच्या, म्हणजे अंगावर फिकट-गडद डाग उमटवणाऱ्या रंगाच्या, बाबतीत मात्र मी अशी मोकळीक घेत नाही. माझ्या कोली जातीच्या लाइनमध्ये दोन मर्ल कधीच एकत्र आणत नाही. त्यातून सरासरी चारांत एक पिल्लू डबल मर्ल, म्हणजे दोन्हीकडून मर्लचं जनुक आलेलं, निघतं आणि बहिरेपणाचा, आंधळेपणाचा धोका त्याच्या वाट्याला येतो.

लॅब्रॅडॉरची पिल्लं आली ती काळी, चॉकलेटी आणि एक चक्क पिवळं! म्हणजे आई आणि बाप दोघांतही पिवळ्याचं जनुक होतं, हे चाचणीशिवाय कळलं आणि दोघांच्या नोंदीत लगेच लिहून ठेवलं. मी ठेवली ती चॉकलेटी मादी. खांदा बापाचा, पाठ आईची. ती आजाराची वाहक निघाली, त्यामुळे तिच्यासाठी आता निर्दोष नर शोधते आहे. शक्यतो काळा, आणि ज्याच्या पेडिग्रीत या दोघांपैकी कुणीच नाही असा.