ॲम्पिअर जास्त, प्रेशर कमी

नगरपरिषदेत हवामान बदल हा विषय टेबलावर येतो तो बहुतेक फोटोंच्या रूपाने. २ ऑक्टोबर २०२० ला राज्याच्या पर्यावरण विभागाने माझी वसुंधरा अभियान सुरू केलं. तेव्हापासून भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच मथळ्यांखाली आपण काय काय केलं ते पोर्टलवर चढवायचं असतं. रोपं लावली, फोटो. भिंत रंगवली, फोटो. हरित शपथ घेतली, फोटो. अभियानाला नावं ठेवायची नाहीत मला. त्याच्या रेट्यामुळेच आमच्याकडे रस्त्यावरचे जुने दिवे जाऊन एलईडी आले आणि फिल्टर प्लांटच्या शेडवर सोलर बसलं. नाहीतर त्या फाइली अजून लेखा विभागात पडून असत्या. पण मी पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर. माझं म्हणणं असं की खानदेशातल्या मध्यम गावाचं कार्बनचं खरं खातं नदीकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी पंपाने उचलायच्या विहिरीवर असतं. तिथे कुणी फोटो काढायला जात नाही.

गाव गिरणाकाठचं. नाव सांगत नाही. उन्हाळ्यात आमची नदी नकाशावरच वाहते. नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणातून पिण्याचं आवर्तन सुटलं की पाणी कोरड्या पात्रातून वाट काढत आमच्याकडे येतं. वाळू आपला वाटा घेते, वाळूउपशाचे खड्डे त्यांचा घेतात, उरेल ते आमच्या बंधाऱ्यात. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता, आणि त्याची वसुली २०२४ च्या मे महिन्यात चालू होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळी पाण्याचे हाल बघून लवकर परत गेल्या, अशी परिस्थिती. नगरपरिषदेत प्रशासक राजवट. नगरसेवक माजी झाले होते, त्यांचे फोन मात्र आजी.

मे अखेरीस नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला होता. २५ मे ते ३ जून या काळासाठी जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ खाली आदेश काढला: सकाळी १० ते संध्याकाळी ५ मजुरांकडून उघड्यावर उन्हात काम करून घ्यायचं नाही, घ्यायचंच तर सावलीची, पंख्याची सोय करायची. उष्णतेसाठी १४४ लागल्याचं बघून बाहेरगावचे लोक हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडे केळीला हवामान आधारित विमा आहे. तापमान ठरलेल्या अंशावर ठरलेले दिवस टिकलं की भरपाई देय होते. झाडूवाल्या बाईसाठी असा अंश पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर आणला होता.

दुपारी बाराच्या सुमारास जॅकवेलवरून ऑपरेटरचा फोन आला. मोटर ट्रिप झाली, परत चालू केली, परत ट्रिप. त्याने आपल्या परीने सगळं केलं होतं. खिडकीला ओली बारदानं लावली होती, घरचा कूलर आणून पॅनलसमोर ठेवला होता. मोटरवरून हात फिरवायची सोय नव्हती, इतकी ती तापलेली. त्याचं निदान ठरलेलं, की ऊन झालं साहेब, मशीन तरी काय करेल.

हे निदान अर्धं खरं होतं. बाजारात मिळणारी साधारण मोटर ४० अंशांचं भोवतालचं तापमान धरून बनवलेली असते. त्याच्यावर गेलं की तिच्याकडून पूर्ण लोड ओढता येत नाही. आमच्या पंपहाउसात पत्र्याखाली मे महिन्यात ४० अंश हे सकाळचं तापमान असतं. आता नवीन मोटर मागवताना ही गोष्ट आम्ही निविदेत लिहितो. पूर्वी कुणी लिहीत नसे, कारण लिहायची वेळ येत नसे.

पण पॅनलवर बघितलं तर वेगळंच. व्होल्टेज ठीक. ॲम्पिअर नेहमीपेक्षा बरंच वर. आणि पंपातून पुढे जाणाऱ्या डिलिव्हरी लाइनवरच्या प्रेशर गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली. ऊन फार झालं म्हणून गेजचा काटा खाली येत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचा स्वभाव असा, की पुढचा अडथळा कमी झाला की तो जास्त पाणी फेकतो आणि जास्त करंट ओढतो. म्हणजे पाणी फिल्टर प्लांटपर्यंत चढायच्या आधीच कुठेतरी बाहेर पडत होतं. गळती जुनीच असणार. हिवाळ्यात मोटर तो जादा भार निमूट सोसत होती, नवतप्यात तिने हात टेकले. इनलेटचा फ्लोमीटर आमच्याकडे कधीचा बंद, त्यामुळे किती जातंय ते सांगणारं कुणी नव्हतं.

व्हॉल्व्हमन आप्पा निवृत्तीला आलेले. त्यांना मी गेज दाखवला. त्यांनी बघितला न बघितला आणि म्हणाले, “साहेब, पानी कोठे तरी जाई ऱ्हायनं. मी पाही येस.” डोक्याला रुमाल बांधून मोटरसायकलवर निघाले. तासाभराने त्यांचा फोन आला. लाइन ज्या शिवारातून जाते तिथे सगळं जळून कोळ झालेलं, आणि लाइनमधली हवा सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हच्या चेंबरपासून खालच्या अंगाला हिरवीगार हराळी. हराळीत म्हैस बसलेली.

मी गेलो तोवर साडेतीन वाजले होते. चेंबरचं झाकण गायब. एअर व्हॉल्व्हचं तोंड कुणीतरी सैल केलेलं, आणि त्यातून पाणी फुसफुसत वर येत होतं. त्याच्याखाली चार-पाच हंडे रांगेत. बांधापलीकडे पंधरा-वीस घरांची वस्ती आहे, वीटभट्टीवर जाणाऱ्या लोकांची. मोठी गळती व्हॉल्व्हची नव्हतीच, ती त्याच्या खालच्या जुन्या बिडाच्या पाइपाच्या जॉइंटला होती. तिथलं शिसं सुटून पाणी जमिनीखालून नाल्याकडे चाललं होतं. वस्तीचे हंडे त्यापुढे किस झाड की पत्ती. पण वरून बघणाऱ्याला हंडेच दिसणार, आणि कार्यालयात “वस्तीवाल्यांनी व्हॉल्व्ह फोडला” असाच अहवाल आधी पोचला.

जॉइंट उघडायचा म्हणजे पाच-सहा फूट खोदकाम. जेसीबी मिळाला असता, पण पाइपाजवळ शेवटी फावडंच लागतं आणि फावड्याला माणूस लागतो. मुकादम तात्यांना मी म्हटलं, पाणीपुरवठा अत्यावश्यक आहे, आदेशातून आपल्याला वाट निघेल. तात्या चेंबरच्या सावलीला उकिडवे बसले होते. म्हणाले, “वाट निंघी साहेब, मानूस मरी जाई. रातले करूत.” मी मुख्याधिकारी मॅडमना फोन लावला. त्या एका वाक्यात मोकळ्या झाल्या: पाचच्या आत एकही माणूस खड्ड्यात उतरणार नाही, गावाला मी सांगते. आणि खरंच सांगितलं. घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की उद्याचं पाणी परवा येईल. माजी मंडळींचे फोन आले, मॅडमनीच घेतले.

संध्याकाळी सहाला जेसीबी लागला. साडेसातनंतर हॅलोजन लावून माणसं उतरली. जमीन रात्री दहालासुद्धा तव्यासारखी. शेत ज्यांचं होतं ते नाना येऊन बांधावर बसले. त्यांची पूर्वहंगामी कापसाची तयारी चालली होती, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या. त्या नळ्यांवरून जेसीबी नेऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं, आणि मध्ये एकदा घरून शेवभाजी-भाकरी आली. खड्ड्यात पाणी भरत होतं, डिझेल पंपाने उपसत होतो. पाइप उघडा पडला तेव्हा जॉइंटभोवतीचं शिसं अक्षरशः नखाने निघत होतं. आप्पांनी ते साफ करून दोन्ही बाजू कानशीने घासल्या, एमजे कॉलर, म्हणजे रबर आणि बोल्टांनी जॉइंट बंद करणारं कडं, बसवली, बोल्ट आळीपाळीने समोरासमोर आवळले. घाईत एकाच बाजूचे बोल्ट आवळले तर रबर सरकतं आणि सगळं परत उघडावं लागतं. हे त्यांनी नव्या पोराला दोनदा सांगितलं, एकदा शिवी घालून.

मध्येच वस्तीवरच्या एक म्हाताऱ्या आजी हंडा घेऊन आल्या. लाइन बंद, व्हॉल्व्ह कोरडा. त्यांनी खड्ड्यात डोकावून बघितलं आणि मला विचारलं, “आते आम्हीन पानीले कोठे जावानं?” त्यांच्या ग्रामपंचायतीच्या विहिरीला एप्रिलपासून तळ लागलेला. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर. पाइप घरापर्यंत आला होता, त्यात यायला पाणी नव्हतं. नगरपरिषदेच्या नियमाने ही चोरी होती. ती चोरी बंद केली असती तर मी दोन दिवसांत पाणी वाचवल्याचा कागद केला असता, आणि त्यांनी चौथ्या दिवशी दुसरा व्हॉल्व्ह सैल केला असता. दुष्काळात जगायचा मार्ग माणसं काढतातच, आपण ठरवायचं ते इतकंच की तो मार्ग सैल केलेल्या व्हॉल्व्हचा असावा की तोटीचा. मी आप्पांना चेंबरमध्ये अर्ध्या इंचाचं कनेक्शन काढायला सांगितलं, मीटर लावून. मॅडमना रात्रीच मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं: लेखी प्रस्ताव द्या, तोवर चालू ठेवा.

रात्री दोनच्या पुढे कधीतरी लाइन चार्ज केली, म्हणजे परत पाणी सोडलं. एअर व्हॉल्व्हमधून हवा सुटल्याचा आवाज आला, मग पाणी आलं, मग व्हॉल्व्ह आपोआप बसला. खड्ड्यात थेंब नाही. जॅकवेलवर परत आलो तर गेजचा काटा वर चढलेला, ॲम्पिअर मोटरच्या पाटीवर लिहिलंय त्याच्या आत. ऑपरेटर कूलर घरी न्यायच्या तयारीत.

त्यानंतरच्या दिवसांत लॉगबुक बघितलं, तर तीच टाकी भरायला पंप दिवसाला साधारण दोन तास कमी चालत होता. मोटर १०० एचपीची, म्हणजे पूर्ण लोडवर तासाला ७५ युनिट. दोन तासांचे १५०. आपल्या ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे रोज १०५ किलो, वर्षभर असंच चाललं तर ३८ टनांच्या घरात. हा हिशेब कुठल्याही पाणीपुरवठ्याच्या माणसाला करता येतो. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला गणिताने ०.२७ युनिट लागतं. पंपाची, मोटरची कार्यक्षमता आणि पाइपातलं घर्षण धरलं की ते सहज ०.४५ च्या पुढे जातं. मग ते पाणी वाटेत सांडलं तर ती वीजही सांडली.

आणि विजेलाही पाणी लागतं. भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशावर वीज होते, तिथलं पाणी तापीवरच्या हतनूर धरणातून येतं. केंद्राने २०१५ मध्ये अशा जुन्या केंद्रांना घातलेली मर्यादा मेगावॉट-अवरला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. आमची दीडशे युनिटं नेमकी कुठल्या केंद्रातली हे कुणी सांगू शकत नाही, पण ती कोळशाची धरली तर गिरणेचं पाणी नाल्यात सोडण्यासाठी आम्ही दुसऱ्या कुठल्या तरी नदीचं रोज पाचशे लिटर वाफेवर घालवत होतो. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून परत एकदा गुणाकार केला.

मग प्रश्न पोर्टलचा. संगणकावर बसणाऱ्या पोराने विचारलं, साहेब, फोटो? जमिनीत गाडलेल्या कॉलरचा काय फोटो असणार. माझ्या मोबाइलमध्ये एक होता: हॅलोजनचा उजेड, चिखल, आणि आप्पांची पाठ. तो त्याने “जल” खाली घेतला. मी वीजबिलांच्या प्रती जोडून “अग्नी” खालीही द्यायला लावला. भिंतीवरच्या चित्रांचे फोटो त्याच्याहून खूपच चांगले आले आहेत, हे मान्य.

फ्लोमीटर त्याच वर्षी बसला. आधी मागणी केली की “निधी नाही” असा शेरा येई. या वेळी ३८ टनांचा आणि बिलाचा कागद जोडला आणि फाइल एकाच फेरीत सुटली. निधी तोच होता. लाइनच्या जुन्या भागातले बाकीचे बिडाचे जॉइंट टप्प्याटप्प्याने उघडायचं काम चालू आहे. उन्हाळ्यातलं खोदकाम आता आम्ही रात्रीचंच लावतो. तात्यांना रात्रपाळीचा भत्ता मिळावा म्हणून आस्थापना विभागाशी माझा पत्रव्यवहार चालला आहे, त्यात तिकडून आलेला आक्षेप असा, की “उष्णता” हे कारण भत्त्याच्या यादीत नाही.

वस्तीच्या तोटीचा प्रस्तावही गेला. जागा आमच्या हद्दीबाहेर, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव मागवला, तो आला. पाणीपट्टी भरायची त्यांची तयारी आहे, मीटर फिरतो आहे, रीडिंग आप्पांनी वहीत लिहून ठेवलं आहे. आता लेखा विभागाने विचारलं आहे की दर घरगुती लावायचा, संस्थेचा की हद्दीबाहेरचा, आणि बिल कुणाच्या नावाने काढायचं. मी घरगुती लिहून सही केली आहे. बघू.