आण्णाकाकांच्या ट्रंकेतली ‘नॉर्मंडी’

शुक्रवार पेठेतले आमचे आण्णाकाका मालवाहू बोटीवर इंजिनरूमला होते, पण जीव फ्रेंच प्रवासी बोटींवर. ट्रंकेत ‘नॉर्मंडी’चं पोस्टकार्ड. १९३५ची बोट, जेवणघराला खिडक्याच नाहीत, उजेड सगळा लालिक या फ्रेंच काच-कलाकाराच्या काचेच्या खांबांचा. १९४२ला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर गॅसकटरच्या ठिणगीनं पेटली आणि विझवायला मारलेल्या पाण्याच्या वजनानंच कलंडली. हे सांगताना काका असे चिडायचे, जणू बंबवाले कोल्हापूरचेच!

मला मात्र ‘फ्रान्स’ ही बोट जास्त आवडते. १९६२ची, ३१५ मीटर लांब, धुराड्यांना पंख. १९७४ला फ्रेंच सरकारनं अनुदान काढलं, मग ‘नॉर्वे’ झाली, आणि शेवटी तोडली कुठं, तर गुजरातेत अलंगला! जाऊया का म्हटलं, तर काका म्हणाले, “भंगार बघायला मी येत नसतोय.”