तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यातच केलेली शाई पाण्याला कशी टिकते?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं इंकजेट शाईचं छोटं युनिट आहे. हे कळलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, मतदानाला बोटावर लावतात ती शाई तुमचीच का? नाही हो. ती म्हैसूरला होते, म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या कर्नाटक सरकारच्या कंपनीत, आणि १९६२ पासून होते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरचं मीठ आणि ऊन यांच्यामुळे ते काळं पडतं. आमच्या शाईशी तिचा काडीचा संबंध नाही.

दुसरा प्रश्न खोचक. तो बहुतेक वेळा खानापूर, जांबोटीकडचे झेरॉक्सवाले विचारतात, कारण पावसाचा मार त्यांच्या गिऱ्हाइकांच्या कागदांना सगळ्यांत जास्त बसतो. "तुमची शाई पाण्यानं पुसत नाही म्हणता, आणि बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच आहे. मग ती बाटलीतच का नाही थिजत?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आमचं सगळं काम या एका प्रश्नाभोवतीच चालतं.

स्वस्त इंक टँक प्रिंटरमधली रंगीत शाई बहुधा डाय शाई असते. तिच्यातला रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. कागदावर पाणी उडून जातं, रंग धाग्यांत राहतो. वरून पाणी पडलं की तो पुन्हा विरघळतो. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा, दूधगंगेला पूर आला, तेव्हा निपाणीकडच्या घरांतून पत्र्यांवर वाळत घातलेले कागद मी पाहिले. बॉलपेनची सही जागेवर होती, कारण ती शाई तेलकट. लेझरची छपाईही होती. इंकजेटचा रंगीत मजकूर तेवढा ढगासारखा पसरला होता.

पिगमेंट शाईतला रंग विरघळत नाही. त्याचे घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. काळ्यासाठी कार्बन ब्लॅक, निळ्यासाठी कॉपर थॅलोसायनिन, किरमिजीसाठी क्विनाक्रिडोन. कण साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे एका मिलिमीटरात १०,००० बसतील एवढे. पण कण विरघळत नाही म्हणजे शाई टिकलीच असं नाही. जुन्या पोथ्यांच्या शाईत काजळच होतं. काजळ पाण्यात विरघळत नाही, तरी ओल्या हातानं पोथी पुसट होते, कारण काजळाला धरून ठेवणारा डिंक पाण्यात सुटतो. आता याच्या उलट बिब्बा बघा. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरायचे. रस पातळपणे कापडात शिरतो, तिथे हवा लागली की त्याचं रूपच बदलतं, मग कितीही धुतलं तरी खूण जात नाही. मला शाईकडून नेमकं हे बिब्ब्याचं वागणं हवं असतं. येताना पातळ, पोचल्यावर पक्की. म्हणजे टिकाऊपणा शाईत आधीच घालून ठेवायची वस्तू नाही. तो कागदावर घडायला हवा. त्याच्या क्षणभरही आधी घडला तर प्रिंटर गेला.

आधी कुठे कुठे घडू शकतो ते सांगतो. प्रिंटरच्या नोझलचं भोक साधारण २० मायक्रॉनचं, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा बरंच बारीक. त्यातून निघणारा थेंब काही पिकोलिटरचा. ३ पिकोलिटर धरला तर एका मिलिलिटर शाईत ३३ कोटी थेंब होतात. त्यातले बहुतेक सरळच जायला हवेत. दोन-चार मायक्रॉनची एखादी गुठळी आली की तो थेंब तिरका जातो आणि छपाईत पांढरी रेघ उमटते. म्हणून रंग झिरकोनियाच्या बारीक मण्यांसोबत बीड मिलमध्ये तासन् तास दळायचा, आणि शेवटी एक मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून गाळायचा. दळण जास्त झालं तरी बिघडतं. कण जितके बारीक, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग वाढतो, त्याला झाकायला रेझिन, म्हणजे कणांवर थर धरणारं पॉलिमर, कमी पडतं, आणि शाई मिलमध्येच दाट व्हायला लागते.

हे रेझिन म्हणजे खरी मेख. आम्ही वापरतो ते स्टायरीन-अॅक्रिलिक जातीचं असतं. त्याच्या साखळीवर आम्लाचे गट असतात. पाणी थोडं अल्कली ठेवलं, पीएच ८ ते ९, की हे गट ऋणभारित होतात. प्रत्येक कणावर रेझिनचा थर, प्रत्येक थरावर सारखाच भार, त्यामुळे कण एकमेकांना ढकलत राहतात आणि तळाला बसत नाहीत. बाटलीतली शाई या भांडणावर उभी आहे. भार गेला की भांडण मिटलं. रेझिन कणाला आणि कागदाला चिकटतं आणि मग पाण्याला दाद देत नाही.

तर हा भार कागदावर घालवायचा कसा? इथे अल्कली कोणती घेतली यावर सगळं ठरतं, आणि बाहेरच्या माणसाला ही बाब सहसा माहीत नसते. अमोनिया घेतला तर तो पाण्याबरोबर उडून जातो, रेझिन पुन्हा आम्ल रूपात येतं, छपाई झटकन पक्की होते. पण अमोनिया नोझलच्या तोंडातूनही उडतो. दुपारी चहाला जाऊन आलात की प्रिंटर अडलेला. शिवाय दुकानात वास येतो तो वेगळाच. कॉस्टिक पोटॅश घेतलं तर ते कुठेच उडत नाही, नोझल मस्त चालतं, पण ते कागदावरही तसंच राहतं आणि पाणी पडलं की रेझिन पुन्हा सैल होतं. मधले मार्ग म्हणजे अमाइन, अमोनियाच्याच कुळातल्या अल्कली. डायमिथाइल इथेनॉलअमाइन १३४ अंशांना उकळतं. अमोनियाइतकं उतावळं नाही, पोटॅशसारखं हट्टीही नाही. शाई करणारा कुठलाही माणूस आयुष्याचा बराच काळ या मधल्या पट्ट्यात, कधी दोन अल्कली मिसळून, घालवतो.

त्यात आपल्या भागाची हवा. जुलैत कणकुंबीच्या बाजूला हवेत इतका ओलावा असतो की कागद स्वतःच दमट होतो आणि छपाई सुकता सुकत नाही. मार्च-एप्रिलात सौंदत्ती, रामदुर्गकडे कोरडा वारा सुटला की नोझलच सुकतं. एकाच जिल्ह्यात, एकाच शाईला, दोन्ही. नोझल सुकू नये म्हणून ग्लिसरीन आणि ग्लायकॉल घालतात. ते वाढवलं की नोझल खूश, पण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात छपाई चिकट राहते. नोझल उघडं राहून किती वेळानंतरही पहिला थेंब नीट पडतो, त्याला आमच्यात डिकॅप टाइम म्हणतात. हा वेळ आणि सुकण्याचा वेळ यांची रस्सीखेच कायमची. मोठ्या कंपन्या सगळ्या देशासाठी एकच शाई विकतात, त्यांना पर्याय नाही. आम्ही छोटे असल्यामुळे पावसाळ्यापुरतं ग्लिसरीन थोडं उतरवतो. छोटं असण्याचा तेवढाच फायदा.

कॅल्शियमची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्या भारित गटांना धरतं, कणांना कणाशी बांधतं आणि शाई फाटते. म्हणून आम्ही डीआय, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्याशिवाय दुसरं पाणी बॅचजवळ येऊ देत नाही. काही दुकानदार शाई पुरवण्यासाठी तिच्यात नळाचं पाणी घालतात, त्यांना हात जोडून सांगतो, घालू नका. पण कागदात तेच कॅल्शियम आम्हाला हवं असतं. हल्लीच्या बहुतेक कॉपियर कागदांत कॅल्शियम कार्बोनेटचा भराव असतो, आणि काही रिमवर कलरलॉकचं चिन्ह असतं. अशा कागदात शाईला पकडणारं क्षार मुद्दाम घातलेलं असतं. थेंब पडल्या पडल्या कण तिथेच गोळा होतात, खाली झिरपत नाहीत. काळा रंग काळा दिसतो, अक्षराची कड सरळ राहते. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त, कारण कन्नड जोडाक्षरांतलं खालचं बारीक अक्षर आणि मराठीतला रफार हे दोन्ही शाई पसरली की आधी बुजतात. दोन्ही भाषांतला अर्ज आठच्या टाइपमध्ये छापून बघा, कुठला कागद चांगला ते लगेच कळतं.

"एवढं काय करूलालाय, सर? थोडं फेविकॉल घाला की!" हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तो अगदीच वेडगळ नाही. फेविकॉलसारख्या गोंदातही पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण असतात आणि सुकल्यावर त्यांचा पापुद्रा होतो. फक्त तो पापुद्रा नोझलमध्येही होतो, आणि तिथून पुन्हा निघत नाही. शिवाय एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरमध्ये थेंब उडवायला एक चिमुकला हीटर काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंशांवर जातो. शाईत पॉलिमर जास्त असलं तर त्यावर हळूहळू खरपूड बसते. एप्सनचं तंत्र वेगळं, तिथे पिझो स्फटिक वाकून थेंब ढकलतो, उष्णता लागत नाही, म्हणून तिथे रेझिन जरा सढळ हातानं घालता येतं.

मग काळी शाई टिकते आणि रंगीत का वाहते, हेही विचारतात. कॅननच्या जी मालिकेसारख्या अनेक टँक प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट आणि रंगीत डाय अशीच जोडी असते. मजकूर ठसठशीत हवा, फोटो चमकदार हवा, असा तो हिशेब. डाय फोटो पेपरच्या थरात शिरते आणि चमक राखते, पिगमेंट वर बसते आणि नखानं ओरखडते. सगळ्या रंगांत पिगमेंट देणारे प्रिंटर आहेत, पण महाग. आणि एक पथ्य: डायच्या टाकीत पिगमेंट ओतू नका. डाय शाईतले क्षार पिगमेंटला फाडतात आणि हेड बदलण्याची वेळ येते.

"पाणीरोधक" या लेबलवरही जरा जपून विश्वास ठेवा, आमच्यासुद्धा. पाणी कुठलं, ते विचारा. पावसाचं पाणी पडलं तर चोवीस तास सुकलेली पिगमेंट छपाई सहसा हलत नाही. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात गोष्ट वेगळी, कारण तिथे अल्कली परत येते आणि रेझिनवरचा भार पुन्हा जागा होतो. हायलायटर फिरवल्यावर अक्षर ओढलं जातं तेही बऱ्याचदा यामुळेच. सॅनिटायझरचा ओला हात तर आणखी वाईट, अल्कोहोल रेझिनलाच मऊ करतं. आम्ही छपाईवर एक मिनिटानं, एक तासानं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंब सोडून बघतो. एक मिनिटाला जी टिकते तिच्या नोझलची मला धास्ती वाटते.

आणि हा धंदा माझा असला तरी सांगतो. तुम्हाला फक्त उतारे, दाखले, अर्ज असा काळा मजकूर छापायचा असेल, तर लेझर प्रिंटर घ्या. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड, ती कागदावर वितळून बसते, पाण्याचा प्रश्नच येत नाही. रंगीत काम स्वस्तात हवं असेल तर माझ्याकडे या, आणि येताना तुमचा कागद सोबत आणा, त्याच कागदावर छापून बघू.